एक तृतीयांश हिस्सा आणि एक छापील संमतीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : ए विंगमधील माझ्या वडिलांच्या सदनिकेच्या हस्तांतरणासाठी दिलेल्या संमतीपत्राबाबत

सप्रेम नमस्कार,

बाबा गेल्यानंतर त्यांची सदनिका दादाच्या नावे करण्यासाठी सोसायटीच्या ऑफिसमधून माझ्याकडे एक संमतीपत्र आलं. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. त्या घरातला माझा हिस्सा मात्र मला ठेवायचा नाही, तो मी आईला देणार आहे. सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, शेवटी सोडणारच आहात ना, मग सही करायला काय हरकत आहे?" त्यांनी आपुलकीनेच विचारलं, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटलं.

तो कागद समितीतल्या प्रत्येकाने एकदा हातात घेऊन वाचावा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं फुटली आहेत. वर नावासाठी ठिपक्यांची रेघ आणि खाली मजकूर : 'मी विवाहित असल्याने सदर सदनिकेत माझा कोणताही हक्क राहिलेला नाही, सबब ती माझ्या भावाच्या नावे करण्यास माझी हरकत नाही.' सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. मुलग्यांसाठी असा कागद आहे का, असं मी ऑफिसात विचारलं. नाही म्हणाले.

माझी हरकत 'विवाहित असल्याने राहिलेला नाही' याला आहे, कारण ते खोटं आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. घर त्यांच्या पगारातून, कर्जाचे हप्ते फेडून घेतलेलं. आजीही वारस ठरली असती, पण ती त्यांच्या आधीच गेली. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे आई, दादा आणि मी असे पहिल्या वर्गातले तीन वारस होतो आणि तिघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीचं लग्न झालंय की नाही हे तिथे कोणी विचारत नाही आणि 1956 मध्येही विचारलं नव्हतं.

हा समज कुठून आला असेल याचा मी अंदाज बांधू शकते. याच कायद्यात पूर्वी कलम 23 होतं. कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करायला निघेपर्यंत बाईला मागता येत नसे आणि तिथे राहण्याचा हक्कही मुलगी अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी असेल तरच. पण तेव्हासुद्धा हिस्सा तिचाच होता, फक्त तो मागायला अडसर होता. 2005 च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं. दुसरं असं की महाराष्ट्राने 1994 मध्ये एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांसारखा वाटा दिला, तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. बाबांच्या स्वकष्टाच्या फ्लॅटशी त्याचा काही संबंध नाही.

आता सेक्रेटरींच्या प्रश्नाकडे येते. अध्यक्ष साहेब, तुम्हाला मी लहानपणापासून काका म्हणते, म्हणून तुमच्याच हातचं एक उदाहरण देते. बाबांनी स्टिल्टमधली आपली पार्किंगची जागा तळमजल्यावरच्या काकूंना दिली होती, गुडघ्यांमुळे त्यांना गेटपर्यंत चालवत नसे म्हणून. तुम्ही तेव्हा सेक्रेटरी होतात. इतिवृत्तात तुम्ही लिहिलंत, 'सभासदांनी आपली जागा स्वखुशीने, काकूंच्या हयातीपुरती दिली.' समजा त्याऐवजी 'सभासदांचा जागेवरील हक्क संपुष्टात आला' असं लिहिलं असतं. गाडी काकूंचीच उभी राहिली असती. पण काकू गेल्यावर जागा बाबांकडे परत आली ती तुमच्या त्या ओळीमुळे. कोणाला द्यायची, किती काळ, कशासाठी, हे ठरवण्याची मुभा देणाऱ्याकडे असते. ज्याचा हक्क गेला असं ठरवलं, त्याला ठरवायला काही शिल्लकच राहत नाही.

माझ्या बाबतीत नेमकं हेच होतंय. छापील कागदाप्रमाणे माझा हक्क आपोआप संपतो आणि घर थेट भावाच्या नावे जातं. मला तसं करायचं नाही. माझा हिस्सा आईला मिळाला तर तिच्याकडे दोन तृतीयांश येतात आणि उद्या काहीही झालं तरी तिच्या सहीशिवाय ते घर विकता येत नाही. दादाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं आहे आणि त्याची याला ना नाही.

हक्क काढून घ्यायचा असेल तर आपण किती सांभाळून वागतो ते बघा. एखाद्या सभासदाला सोसायटीतून काढायचं तर त्याला नोटीस, बाजू मांडायची संधी, सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. लेकीच्या बाबतीत एक झेरॉक्स पुरते! आणि हक्क सोडायचा असेल, तर त्यालाही काही अर्थ आहे. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सांगितलं आहे की हक्क सोडणं ही जाणूनबुजून केलेली कृती असते. आपला हक्क आहे हेच माणसाला माहीत नसेल तर त्याने तो सोडला असं म्हणता येत नाही. आपला कागद सही करणारीला तिचा हक्क नाही असं आधी सांगतो आणि मग तिची संमती घेतो. ती संमती कशाची?

मला सर्वांत जास्त खुपतं ते आपल्याच इमारतीतल्या बायकांबद्दल. बाबांच्या दिवसांत भेटायला आलेल्या एका मावशींनी मला सांगितलं की त्यांनी हाच कागद वडिलांच्या तेराव्याला, पानं वाढत असताना, उभ्याउभ्या सही करून दिला. आपला वाटा होता हे त्यांना माझ्याकडून कळलं. त्या म्हणाल्या, "अगं, दिलाच असता मी. पण कोणी मागितलाच नाही." भावाला दिल्याचं दुःख त्यांना नव्हतं. देण्याचा मान कोणी ठेवला नाही, हे त्यांना लागलं होतं.

दादाचं काम माझ्या सहीवाचून अडत नाही. तो नॉमिनी आहे. सहकार कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 154ब-13 प्रमाणे वारसांचा निर्णय होईपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेऊ शकते. मेंटेनन्सची बिलं, पत्रव्यवहार, सगळं त्याच्या नावे सुरू करा. नॉमिनी झाला म्हणून तो एकटा मालक होत नाही, एवढंच लक्षात असू द्या. मी आईच्या लाभात हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवणार आहे, कारण स्थावर मिळकतीतला हिस्सा साध्या कागदावर सोडता येत नाही, 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. त्यात मी स्पष्ट लिहिणार आहे की वारसाने माझा एक तृतीयांश हिस्सा आहे आणि तो मी कोणाच्याही दबावाशिवाय आईला देत आहे. नोंदवलेल्या दस्ताची प्रत मिळाली की कार्यालयात आणून देईन.

समितीला माझी विनंती आहे की हा छापील मजकूर आजपासून वापरातून काढावा. वारसांना पत्र द्यायचंच असेल तर मुलगा, मुलगी, पत्नी सगळ्यांना एकच द्यावं आणि त्यात आधी प्रत्येकाचा कायद्याने हिस्सा असल्याचं लिहावं. दिवस होईपर्यंत कोणाच्या घरी सहीला कागद पाठवू नये. आणखी एक : सभासद हयात असतानाच मुलींकडून 'पुढे हक्क सांगणार नाही' असं लिहून घेण्याची पद्धत काही फायलींमध्ये दिसते, तीही बंद व्हावी. वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित करता येत नाही, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 6 सांगतं. जे अजून हातात आलेलंच नाही, ते मुलगी सोडणार कशी?

येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. नव्या पत्राचा मसुदा मी करून सोबत जोडला आहे, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात. सभेला मला बोलावलंत तर मी नक्की येईन. सही न केलेलं संमतीपत्र या पत्रासोबत परत करत आहे, त्याची पोच द्यावी.

आपली विश्वासू,
(सही)
सभासद, बी विंग

सोबत : 1) सही न केलेलं मूळ संमतीपत्र 2) प्रस्तावित पत्राचा मसुदा