कुठला ‘ब्लॉक’, ते लिहा की!

संपादक महोदय, स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘ब्लॉक’ या शब्दावरचा लेख वाचला. ठोकळा, अडथळा, इमारतींचा समूह... शब्दकोश उघडून बसल्यावर एवढं कोणीही लिहील. लेखक ठाण्यात राहत नसावेत. इथे ब्लॉक म्हणजे आधी घर. १९८२ साली आम्ही चाळ सोडून नौपाड्यात ब्लॉकमध्ये आलो, तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. इंग्रज अख्ख्या इमारतीला ब्लॉक म्हणतो, आम्ही तिच्यातल्या दोन खोल्यांना. संडास घरात, हा त्यातला मुख्य अर्थ कुठल्या कोशात सापडायचा?

पण माझं दुखणं निराळं आहे. मे २०२४ अखेरीस ठाण्याचा फलाट क्रमांक ५ रुंद करायला ६३ तासांचा मेगाब्लॉक होता, आठवत असेलच. त्याच रविवारी कराडला धाकट्या भाच्याचा साखरपुडा. गुरुवारी रात्री ताईला मेसेज टाकला, ‘मोठा ब्लॉक निघालाय. रविवारी येणं होत नाही. काळजी करू नकोस.’ आणि फोन बंद करून झोपलो. भावजींना आदल्याच वर्षी दोन स्टेंट बसलेले. त्या घरात ब्लॉकला दुसरा अर्थच नाही.

पहाटे साडेपाचला बेल. थोरला भाचा रात्रभर गाडी चालवून ताईला घेऊन आला होता. मी तोंडात ब्रश धरून दारात उभा. ताईनं आधी मुठीतली पुडी सोडून अंगारा माझ्या कपाळाला लावला, मग विचारलं, “कुठल्या हॉस्पिटलात नेणार?” म्हटलं, “अगं, रेल्वेचा ब्लॉक!” ती दहा मिनिटं बोलली नाही. भाचा हसला, तर त्यालाच ओरडा बसला. साखरपुड्याला शेवटी त्यांच्याच गाडीतून गेलो.

चूक माझी, मान्य. पण सवय कोणी लावली? तुमचा मथळा तेवढाच असतो: ‘ठाण्यात ब्लॉक’. रेल्वेवाले निदान नीट बोलतात. एका वेळी एकच गाडी सोडतात तो रुळाचा तुकडा म्हणजे ब्लॉक सेक्शन, आणि कामासाठी वाहतूक थांबवतात तो ट्रॅफिक ब्लॉक. डॉक्टरांचा हार्ट ब्लॉक तर हृदयातल्या विजेच्या संदेशांचा बिघाड; रक्तवाहिनी चरबीनं अरुंद होते ते वेगळं. आपण सगळ्याला एकाच दावणीला बांधतो. ‘गाड्या बंद’ छापायला शाई जास्त लागते का?

जाता जाता : आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक इतके सुटलेत, की पाय पडला की खालचं गढूळ पाणी थेट पायजम्यावर. दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला फोटो पाठवला होता, अजून छापलेला नाही. फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागायचा, त्या काळी खर्चाचं कारण चाललं असतं. आता काय अडचण आहे?

– एक जुना वाचक, नौपाडा, ठाणे