थंड रंग, गरम रंग आणि आमची बेडरूम

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यासाठी घराला निळे-हिरवे थंड रंग द्या असं सरसकट छापलंय, ते वाचून राहवलं नाही कारण हाच सल्ला ऐकून आम्ही २ वर्षं पस्तावलोय.

आमची बेडरूम उत्तरेकडे, समोर चार मजली बिल्डिंग. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस असतो ना, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, त्यानंतर जून-जुलैत सूर्य उत्तरेकडे असतो तेव्हा थोडं ऊन आत डोकावतं, एरवी नुसता आभाळाचा उजेड आणि तो मुळातच निळसर. त्यात आम्ही फिकट आकाशी मारला! दुकानात शेडकार्डवर काय मस्त दिसत होता, पण दुसरा हात वाळला आणि आई दारातच थांबून म्हणाली, "अरे, सलाइन कुठाय?" पावसाळ्यात तर भिंती कोरड्या ठणठणीत असूनही खोली ओलसर वाटायची.

हॉल पश्चिमेला, तिथे नेमका पीच हा गरम रंग, म्हणजे चारनंतर ऊन आलं की सगळं भगभगतं. हे दोन्ही रंग अदलाबदल करून दिले असते तर प्रश्नच मिटला असता. आणि आतल्या भिंतीला थंड रंग दिल्याने पंखा काही कमी लागत नाही हो, दिसायला थंड तेवढंच, गच्चीवर पांढरा मारला तर खरा फरक पडतो. गावी आजी चुन्यात नीळ घालायची ते छान दिसायचं, पण तिथे अंगणातलं ऊन थेट माजघरापर्यंत यायचं.

दिव्यांचं तर कुणी बोलतच नाही. एलईडीच्या खोक्यावर ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं तो पांढरा-निळसर उजेड, ३००० म्हणजे पिवळसर. दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली निवडलेला रंग घरी पिवळ्या बल्बखाली वेगळाच दिसणार.

यंदा पेंटरनेच सांगितलं, "काका, आधी पुठ्ठ्यावर मारून बघा." छोटा डबा आणला, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात दिले आणि तो पुठ्ठा चार दिवस सकाळ-दुपार-रात्री या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवला, बायको वैतागली पण शेवटी बेडरूमला पिवळसर झाक असलेला ऑफव्हाइट ठरला. पांढऱ्यातपण थंड-गरम असतं हे मला साठीत कळलं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा खिडकी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा एवढं एक वाक्य टाका. हॉलचा पीच अजून तसाच आहे, दिवाळीला बघू.

— एक वाचक, डोंबिवली