हेळवाकच्या मावशींना पत्र

मावशी,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. त्या रात्री विचारायचं सुचलं नाही आणि सकाळी एसटीच्या हॉर्नमुळे राहून गेलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. हेळवाकच्या नाक्यापासून थोडं आत, पत्र्याची पडवी आणि दारात पारिजातक असलेलं घर कुणाच्या ओळखीचं असेल, तर त्यांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं.

सहा वर्षांपूर्वीचा जुलै होता. माझी आत्या आजारी होती, म्हणून अण्णांना, माझ्या वडिलांना, घेऊन मी कराडहून चिपळूणला निघाले होते. संध्याकाळची पाचची एसटी. कोयनानगर मागे पडलं, आता कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, अलोरे, शिरगाव, आणि साडेआठपर्यंत आत्याकडे पानावर बसू, या हिशेबाने अण्णांनी साडेसातला शुगरची गोळी घेतली. मीच पाण्याची बाटली हातात दिली. आणि पुढे घाटात दरड आली. गाड्यांची रांग, वरून धो धो पाऊस. तासाभराने ड्रायव्हरने गाडी कशीबशी वळवली आणि हेळवाकला आणून उभी केली.

गोळी पोटात आणि जेवण नाही, म्हणजे साखर उतरणार, हे मला माहीत होतं. पिशवीतला बिस्किटांचा पुडा पाटणलाच संपला होता. अण्णांच्या सदऱ्याला हात लावला तर पाठ घामाने चिंब, एवढ्या गारठ्यात. मला ते आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. जीभ जड झाली होती. मी गाडीतून उतरून धावत सुटले. वीज गेलेली, सगळीकडे अंधार. फक्त तुमच्या पडवीत कंदील होता.

"साखर आहे का?" एवढंच मी म्हणाले. तुम्ही कोण, कुठली, काही विचारलं नाहीत. साखरेचा डबाच काखेत मारलात, तांब्या घेतलात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ ओढलीत आणि माझ्या पुढे चालायला लागलात. माझे हात इतके कापत होते की चमचा धरवेना. तुम्ही अण्णांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलंत आणि एकेक घोट पाजलात. "गिळा, सावकाश गिळा." दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं. कंडक्टरदादा आणि तुमचे मालक, दोघांनी त्यांना धरून घरात आणलं. त्या कंडक्टरदादांचेही इथेच आभार मानते. रात्रीतून दोनदा पावसात येऊन ते चौकशी करून गेले.

आता जे लिहिते आहे, ते अण्णा असताना कधीच लिहिलं नसतं.

त्या अवस्थेत त्यांचा पायजमा ओला झाला होता. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर असलेला माणूस. घरातसुद्धा इस्त्रीशिवाय कपडा अंगाला लावला नाही कधी. भानावर आल्यावर त्यांना ते कळलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मालकांचं धोतर आणून उशाशी ठेवलंत आणि मला म्हणालात, "पावसानं समदं भिजलंय बघ पोरी, दे हिकडं." पावसानं! मोरीत तुम्ही तो पायजमा धूत होता, आणि मी दाराआड उभी राहून रडत होते. पहाटे उठले तेव्हा तो चुलीवरच्या दोरीवर वाळून, नीट घडी घालून, अण्णांच्या पिशवीवर ठेवलेला होता. हातात घेतला तर अजून ऊबदार होता आणि त्याला धुराचा वास येत होता.

रात्री भात, पिठलं, नाचणीची भाकरी वाढून तुम्ही चुलीपाशी बसलात. मी सारखी "तुम्हाला फार त्रास झाला" म्हणत होते, तेव्हा तुम्ही भूकंपाचं सांगितलंत. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. तुम्ही तेव्हा आठ वर्षांच्या होता. घर पडलं, चुलती गेली. "थंडीचं दीस. म्हैनाभर मांडवात हुतो. कुठनं कुठनं लोकं चादरी घिऊन आलती. एकाचं बी नाव म्हाईत न्हाय आमाला." एवढं बोलून तुम्ही अण्णांच्या ताटात आणखी भात वाढलात.

आणि सकाळ. अण्णा मान वर करायला तयार नव्हते. ते मास्तर होते हे मी रात्री बोलता बोलता सांगितलं होतं, तेवढंच. तुम्ही चहाचा कप पुढे केलात, "गुरुजी, च्या घ्या," आणि तिसरीतल्या नातवाला वही घेऊन त्यांच्यासमोर बसवलंत. "ह्याला भागाकार काय जमंना बघा." अण्णांनी चिंचोके मागितले. सतरा चिंचोके पाच वाट्यांत वाटायला लावले. दोन उरले, तसं पोरगं म्हणालं, "ह्यांचं काय करायचं?" "ती बाकी. बाकी टाकून द्यायची नसते, लिहून ठेवायची," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला. घाट मोकळा झाला तरी त्यांना उठवत नव्हतं.

पैसे काढल्यावर तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. तेव्हा वाईट वाटलं, आता मला त्याची लाज वाटते.

त्या रात्रीबद्दल अण्णा घरी एक अक्षर बोलले नाहीत. पण दर पावसाळ्यात एकदा तरी विचारायचे, "त्या बाईंना पत्र टाकलंस का?" पत्ता नाही म्हटलं की गप्प व्हायचे. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. शेवटपर्यंत विचारत होते, आणि मी शेवटपर्यंत टाळत राहिले. मावशी, या उशिराबद्दल मला माफ करा.

तुमचा नातू आता नववीत असेल. त्याच्यासाठी अण्णांची कंपासपेटी काढून ठेवली आहे, पितळेची आहे, अजून घट्ट बसते. आणि निघताना तुम्ही अण्णांच्या खांद्यावर टाकलेली घोंगडी माझ्याकडेच आहे. ती ऊन दाखवून, घडी घालून ठेवली आहे. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की कराडहून सकाळची एसटी धरते. घर शोधेन, पारिजातक तेव्हाही फुललेला असेल.

तुमची,
साखर मागायला आलेली मुलगी