डीड अडकलंय कुठे, ते सांगतो

ऑर्लँडो, फ्लोरिडा
जानेवारी अखेर

तीर्थरूप काका आणि सौ. काकू यांस साष्टांग नमस्कार.

सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आता ओसरली असेल. काका, तुम्ही फोनवर विचारलंत ते रास्तच आहे. दिवाळीनंतर गिऱ्हाईक मिळालं, 4,000 डॉलरला सौदा ठरला, मग एका आठवड्याच्या टाइमशेअरला, म्हणजे रिसॉर्टमधल्या वर्षातल्या एका आठवड्याच्या मालकीला, इतका वेळ का? फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं की गोंधळ वाढतो, म्हणून सगळं लिहून पाठवतो. छापून घ्या आणि फाइलला लावा.

आतापर्यंतचा वेळ दोन गोष्टींत गेला. पहिली, रिसॉर्टचा पहिला हक्क. ठरलेल्या भावात तो आठवडा आधी स्वतः विकत घ्यायचा अधिकार रिसॉर्टला असतो आणि त्याची मुदत साधारण 30 दिवसांची असते. पण हे दिवस सौदा ठरल्यापासून मोजत नाहीत. सगळ्यांच्या सह्यांचा पूर्ण करार त्यांच्याकडे पोचला की मोजणी सुरू होते. डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, तुमचं आणि काकूंचं, दोघांचं नाव आहे, त्यामुळे एकाच सहीचा करार त्यांच्या लेखी अपुरा. काकूंची सही झाली तेव्हाच घड्याळ चालू झालं.

दुसरी गोष्ट एस्टॉपेल. आपल्याकडे फ्लॅट विकताना सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, त्याच जातीचा हा कागद. मेंटेनन्स किती बाकी, कर्ज आहे का, या वर्षाचा आठवडा वापरला की शिल्लक, हे रिसॉर्टमधली मालकांची असोसिएशन त्यात लिहून देते. डिसेंबरात काढलेला एस्टॉपेल जानेवारीत कुचकामी झाला, कारण नव्या वर्षाचं मेंटेनन्सचं बिल पडलं. आता नवा काढावा लागेल. या वर्षाचा आठवडा खरेदीदाराला मिळणार असेल, तर या वर्षाचं मेंटेनन्सही त्यानंच भरायला हवं. करारात हे मोघम राहिलंय. व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या क्लोजिंग कंपनीकडून एक ओळीची दुरुस्ती करून घ्या आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. तोंडी कबुलीवर विसंबू नका.

पुढचा कागद डीडचा. इथून पुढे उशीर व्हायचा की नाही, ते बरंचसं सोलापुरातून कागद कसा येतो यावर आहे.

आधी नावं. डीडवर तुमचं नाव आणि आडनाव एवढंच आहे. पासपोर्टावर मधे आजोबांचं नाव आहे, आणि काकूंच्या पासपोर्टावर तुमचं. आपल्याला यात काही खटकत नाही, पण इथला तपासणारा दोन वेगळी माणसं समजतो. मसुदा आला की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर ‘या नावानेही ओळखले जाणारे’ अशी जोड नव्या डीडमध्ये घालायला सांगा. सहीआधी दुरुस्ती म्हणजे एक ईमेल. सहीनंतर तोच कागद पुन्हा छापा, पुन्हा मुंबई गाठा, पुन्हा कुरिअर करा.

सही कुठे करायची? कोर्टाजवळच्या नोटरीकडे पटकन काम होईल, हे तुमचं म्हणणं कायद्यानं चुकीचं नाही. परदेशातल्या नोटरीचा शिक्का फ्लोरिडाच्या कायद्यात चालतो. पण क्लोजिंग कंपन्या बहुधा त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, मागतात. म्हणजे आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि तोवर मूळ कागद एजंटच्या हाती. शिवाय आपल्याकडचे नोटरी सवयीनं स्टॅम्पपेपर मागतात, फोटो चिकटवतात, तिकिटं लावतात आणि गोल शिक्का नेमका सहीवर उमटवतात. इथे नोंदणीसाठी डीडच्या पहिल्या पानावर वरचा उजवा कोपरा 3 इंच बाय 3 इंच कोरा लागतो, पुढच्या प्रत्येक पानावर 1 इंच बाय 3 इंच. तिथे तिकीट किंवा शिक्का आला, किंवा सही शिक्क्याखाली वाचता येईना, तर कागद परत येण्याचा धोका. नोटरीनं नुसतं ‘अटेस्टेड’ लिहिलं तरी भागत नाही. अमुक व्यक्तीनं अमुक दिवशी माझ्यासमोर सही कबूल केली, असा पूर्ण मजकूर हवा.

म्हणून माझं मत, मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत जा. नोटरीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. फी प्रत्येक शिक्क्याला 50 डॉलर. तुम्हा दोघांचे मिळून किती शिक्के लागतील, ते आधी विचारून घ्या. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालात तर सकाळी मुंबईत पोचता, फक्त वेळ दुपारच्या आतबाहेरची घ्या. मूळ पासपोर्ट न्या. सही घरून करून नेऊ नका, ती अधिकाऱ्यासमोरच करायची. बाकीच्या मोकळ्या जागा मात्र आधी भरलेल्या हव्यात.

यात हटकून विसरली जाणारी गोष्ट साक्षीदारांची. फ्लोरिडाच्या डीडला दोन साक्षीदार लागतात आणि वकिलातीतले कर्मचारी साक्षीदार होत नाहीत. दोन माणसं सोबत न्यायची, ओळखपत्रासह, आणि वेळ घेतानाच त्यांना आत येऊ देतील का हे विचारून घ्यायचं. 2024 पासून प्रत्येक साक्षीदाराचा टपालाचा पत्ताही डीडवर सुवाच्य लागतो. घर नंबर, पेठ, सोलापूर, पिनकोड असा पूर्ण लिहा. खरेदीदाराशी किंवा पैशाशी संबंध नसलेली माणसं निवडा. मुंबईतल्या आत्याकडचे दोघे चालतील.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण 5/3 लिहितो ते 5 मार्च, इथला कारकून वाचतो 3 मे. शाई काळी किंवा निळी, जेल पेन नको.

तुम्ही मुखत्यारपत्राचं विचारलं होतं. ते मला देता येईल, पण त्यालाही दोन साक्षीदार आणि नोटरी लागतातच, त्यामुळे मुंबईची फेरी काही वाचत नाही. शिवाय रिसॉर्ट आणि क्लोजिंग कंपनी दोघांनीही मसुदा आधी मान्य करायला हवा, आणि ते डीडसोबत नोंदवावं लागतं. तरीही त्याच दिवशी तेही करून ठेवावं असं मला वाटतं. नंतर डीडमध्ये आठवड्याचा किंवा युनिटचा नंबर चुकलेला निघाला, तर मी इथे सही करून देऊ शकेन. ऑनलाइन नोटरी फ्लोरिडात 2020 पासून आहे, पण ओळख पटवायला ते बऱ्याचदा इथले जुने पत्ते आणि कर्जं यांवर प्रश्न विचारतात. भारतात परत जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तिथेच अडकायला होतं.

आता कर. नीट वाचा, कारण पैसे इथेच अडकतात. विक्रेता परदेशी असला की खरेदीदारानं विक्रीच्या रकमेतून 15 टक्के कापून अमेरिकेच्या आयकर खात्याला, म्हणजे आयआरएसला, भरायचे असतात. 2016 च्या फेब्रुवारीआधी हा दर 10 टक्के होता, म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नका. तुमच्या सौद्यात कपात 600 डॉलर. व्यवहार झाल्यापासून 20 दिवसांत फॉर्म 8288 बरोबर ती भरली जाते. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत 3 लाख डॉलरच्या आत असेल तर सूट आहे, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती घेऊन चूक निघाली तर कर खरेदीदाराच्या गळ्यात येतो, त्यामुळे टाइमशेअरला त्या वाटेनं सहसा कोणी जात नाही.

आणि एक. कागदांच्या गठ्ठ्यात ‘मी परदेशी व्यक्ती नाही’ असं एक प्रतिज्ञापत्र असू शकतं. तुमचा जुना सोशल सिक्युरिटी नंबर अजून चालू आहे, तो कधी संपत नाही, पण त्यानं तुम्ही करासाठी इथले रहिवासी होत नाही. त्यावर सही करू नका.

ही कपात म्हणजे शेवटचा कर नाही. तुम्ही हा आठवडा घेतला 14,000 ला, विकताय 4,000 ला, म्हणजे नफा नाही आणि करही नाही. 600 डॉलर परत मिळवायला पुढच्या वर्षी 1040-एनआर, म्हणजे अनिवासींच्या विवरणाचा फॉर्म, भरायचा. तुम्ही वेगळा, काकू वेगळा, कारण दोघेही अनिवासी असताना एकत्र विवरण चालत नाही. नवरा-बायकोच्या मालमत्तेत कपात निम्मी-निम्मी धरतात, प्रत्येकी 300. आणि इथेच काकूंची अडचण आहे. त्या एच-4 वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर होत्या, त्यांच्याकडे आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर नंबर, होता. सलग तीन वर्षं विवरणात वापरला नाही की तो बाद होतो. चालू नंबर नसेल तर फॉर्म 8288-ए ची, म्हणजे कपातीच्या पावतीची, शिक्का मारलेली प्रत आयआरएस पाठवत नाही, आणि त्या प्रतीशिवाय परतावा मागणं अवघड होतं.

तेव्हा आयटीआयएनसाठीचा फॉर्म डब्ल्यू-7 आत्ताच भरा, डीडची वाट पाहू नका. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत अर्ज केला, किंवा तो परदेशातून असेल, तर 9 ते 11 आठवडे धरून चाला. पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स त्यांना अजिबात चालत नाही. मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयानंच प्रमाणित केलेली प्रत लागते. मूळ पासपोर्ट टपालानं पाठवणं मला पटत नाही, आणि मुंबईच्या वेळेला तो हातात हवाच. आयआरएसनं नेमलेले प्रमाणित एजंट भारतातही आहेत, त्यांची यादी आयआरएसच्या संकेतस्थळावर आहे. पासपोर्ट त्यांना प्रत्यक्ष दाखवून काम होतं.

कपातच कमी करून घ्यायचा एक अर्ज आहे, 8288-बी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून आयआरएस साधारण 90 दिवस घेते, आणि तोवर 15 टक्के एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या खात्यात, पडून राहतात. मोठ्या घराला ते ठीक आहे. 600 डॉलरसाठी अर्ज भरणाऱ्याचीच फी जास्त होईल. कापू द्या.

नोंदणीचा खर्च फारसा नाही. डीडवर दर 100 डॉलरला 70 सेंट स्टॅम्प, म्हणजे 28 डॉलर. पहिल्या पानाला 10 आणि पुढच्या प्रत्येक पानाला साडेआठ. दोन पानी डीडला एकूण 46.50. नोंद ऑरेंज काउंटीच्या कंप्ट्रोलरकडे होते. पण नोंद झाली म्हणजे सुटलात असं नाही. नोंदलेली प्रत रिसॉर्टकडे गेली, त्यांनी खातं नव्या नावावर केलं आणि तसं पत्र आलं, तेव्हाच मेंटेनन्सचं बिल थांबलं म्हणायचं. ते पत्र मागून घ्या. खरं सांगायचं तर या सौद्यात तुमचा फायदा 4,000 डॉलरचा नाहीच, दर जानेवारीचं बिल बंद होतंय हाच फायदा.

पैसे घेताना चेक नको म्हणा, अमेरिकन चेक आपल्या बँकेत वटवणं फार जिकिरीचं आहे. वायर मागा. त्यांच्या फॉर्मवर राउटिंग नंबरची जागा असते, तिथे आयएफएससी लिहू नका. बँकेच्या शाखेतून स्विफ्ट कोड आणि पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड लिहून आणा. अमेरिकेत राहत असताना घेतलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला आणि विकायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कलम 6(4) ची मुभा आहे, बँकेनं विचारलं तर तेवढं सांगा. आपल्या सीएंना मात्र ही मालमत्ता विवरणाच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवली आहे का, ते विचारा. आयटीआर-1 मध्ये ती दाखवता येत नाही.

मधल्या काळात कोणी फोन करून ‘विक्रीचा कर आधी भरा, मग पैसे सोडतो’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. कर विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो, विक्रेत्याकडून आगाऊ कोणी मागत नाही. असे फोन करणाऱ्यांकडे मालकांची नावं आणि युनिट नंबरसुद्धा असतात, त्यामुळे माहिती बरोबर सांगितली म्हणून विश्वास ठेवू नका.

काकूंच्या जुन्या आयटीआयएनचं पत्र आणि तुम्हा दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचे फोटो या आठवड्यात पाठवा. डीडचा मसुदा मी नावं जुळवूनच पुढे पाठवतो.

आपला,
पुतण्या