ऑपरेशननंतर बाळ रडता रडता निळं पडलं तर

महोदय,

हृदयाचं ऑपरेशन होऊन खानापूर, निपाणीकडच्या गावांत परतलेल्या लहानग्यांच्या घरी एक प्रसंग सगळ्यांची गाळण उडवतो. हातातला मोबाइल काढून घेतला की मूल दोन-तीनदा जोरात रडतं, श्वास बाहेर सोडतं आणि तिथंच अडकतं. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे, अंग ढिलं. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं! बहुतेक वेळा तसं नसतं. 6 महिने ते 6 वर्षांच्या निरोगी मुलांचाही श्वास रडताना असा कोंडतो आणि मिनिटाच्या आत आपसूक परततो. मूल हे मुद्दाम करत नाही, त्याला रागावू नये.

काखेत हात घालून उचलणं आणि गदागदा हलवणं मात्र घातक. छातीचं मधलं हाड सांधायला 6 ते 8 आठवडे लागतात. कांदा हुंगवू नका, तोंडात बोट घालू नका. कुशीवर झोपवा, घड्याळ बघा. दुसऱ्या कुणी व्हिडिओ काढावा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. मिनिट उलटूनही श्वास नाही आणि हालचालही नाही, तर 108 ला फोन करा आणि तोंडाने श्वास देत छाती दाबायला लागा. हाड सांधलेलं नाही म्हणून थांबू नका.

न रडता, दूध पिताना किंवा झोपेत निळं पडलं, किंवा एकदम पांढरंफटक पडून कोसळलं, तर त्याच दिवशी ईसीजी हवाच. ठोक्यांची लय बिघडलेली असू शकते. फॅलोच्या आजारात, म्हणजे हृदयातल्या एका जन्मजात दोषात, पूर्ण दुरुस्ती न करता नुसता शंट (फुप्फुसाकडे जादा रक्त नेणारी छोटी नळी) बसवलेला असेल, तर प्रकार वेगळा. तिथं श्वास थांबत नाही, उलट खोल आणि भराभर चालतो, निळेपणा वाढत जातो. मुलाचे गुडघे पोटाशी दुमडून छातीला टेकवा आणि ताबडतोब निघा.

वारंवार श्वास कोंडत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. जन्मतः निळ्या मुलांचं हिमोग्लोबिन मुळातच चढं असतं, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, बघावं लागतं. डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं लोहाचं औषध चहा-बिस्किटासोबत किंवा दुधातून देऊ नका, ते अंगी लागत नाही.

घरी सोडताना हातात पडणारा कागद इंग्रजीत असतो, आजीला तो वाचता येत नाही. एवढ्या सूचना मराठी आणि कन्नडमध्ये छापून त्याच कागदाला जोडाव्यात, एक प्रत अंगणवाडीतही द्यावी.

— बालहृदयरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, बेळगाव