गेमिंगला टीव्हीवर जागा द्या

संपादक महोदय,

जर्मनीत एमटीव्हीवर २००६ मध्ये 'गेम वन' नावाचा व्हिडिओ गेम्सचा कार्यक्रम सुरू झाला, मस्त चालला, पण २०१४ मध्ये बंद केला, मग त्याच टीमने जानेवारी २०१५ मध्ये हॅम्बुर्गहून 'रॉकेट बीन्स टीव्ही' हे चोवीस तासांचं चॅनल थेट इंटरनेटवर काढलं आणि प्रेक्षकांनीही स्वतःच्या खिशातून पैसे देऊन ते चालवायला हातभार लावला! तिथे कोलोनला दरवर्षी गेम्सकॉम हे व्हिडिओ गेम्सचं मोठं प्रदर्शन भरतं, लाखो लोक येतात, म्हणजे प्रेक्षक होतेच ना, कमी पडली ती टीव्हीवाल्यांची हिंमत. तिथे घरटी प्रसारण फी घेतली जाते, तरुणही भरतात, मग मुख्यतः त्याच पैशावर चालणाऱ्या, सरकारी नव्हे पण सार्वजनिक असलेल्या एआरडी, झेडडीएफ या प्रसारण संस्थांनी गेम्सना सिनेमा-नाटकासारखं नियमित स्थान द्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

– एक वाचक, पुणे