पीएचडीच्या पोरांना वॉर्डात पण पाठवा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, गावातच सीपीआर हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, तरी बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीची पोरं डायबेटिसवर पीएचडी करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी डायबेटिसचा पेशंट डॉक्टरसोबत बसून कधी बघितलेलाच नसतो. लॅबमध्ये उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचलं की काही दिवसांत शुगर वाढते, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरतात. पण ओपीडीत येणाऱ्या मावशींना दहा-पंधरा वर्षांची शुगर, त्यात बीपी, पायाची न भरणारी जखम, गोळ्या परवडत नाहीत म्हणून मधेच बंद केलेल्या, आणि बऱ्याचदा इन्सुलिन शरीरात असतं पण काम करत नाही, हा आजारच वेगळा आहे ओ! हे बघितल्याशिवाय रिसर्चचा प्रश्न तरी नीट कसा सुचणार?

अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने पीएचडीवाल्यांना क्लिनिकल मेडिसिन दाखवायला विद्यापीठांना खास पैसे दिले होते. इथं तर रिक्षानं जाण्याइतकं अंतर आहे. विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेजनं करार करावा, पेशंटची परवानगी घेऊन आठवड्यातनं एक सकाळ पोरांना राउंडला उभं करावं, उपचार करायला नाही, फक्त बघायला आणि ऐकायला, आणि त्याचे क्रेडिट पण द्यावेत. येत्या जूनपासून सुरू करा.

— एक वाचक, कोल्हापूर